केबिनमधला बाहेरचा कॅमेरा

१. ओला गोल

काचघराच्या मधोमध एक तिवई होती आणि तिवईवर काहीच नव्हतं. म्हणजे कुंडीच्या बुडाचा ओला गोल होता, तेवढाच. आणि त्या गोलाकडे तीन माणसं अशी टक लावून बघत उभी होती, की जणू आत्ता तो गोलच तोंड उघडून सांगणार, मला अमक्याने उचललं म्हणून!

लिंबूबाई दारातच थांबली. ही विमा कंपनीची तपासनीस. खरं नाव कंपनीतसुद्धा कुणी घेत नाही, कारण चेहरा बघितला की दुसरं नाव सुचतच नाही. समोर माणूस आला की हिच्या तोंडात कुणीतरी लिंबू पिळलंच. आणि वैताग असा, की नव्वद टक्के वेळा तो माणूस त्याच लायकीचा निघतो.

"या मॅडम, या! लुटलं हो मला! दिवसाढवळ्या लुटलं!"

हे ओरडणारे गृहस्थ म्हणजे सम्राट. पूर्ण पदवी फुलसम्राट. कुणी दिली? त्यांनीच. आधी फाटकावरच्या पाटीवर रंगवून घेतली, मग पिशव्यांवर छापली, मग येणारे-जाणारे चेष्टेने म्हणायला लागले आणि यांना ती खरी वाटली. रोपवाटिका मोठी, घर मोठं, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा.

चोरीला गेलं होतं एक ऑर्किड. साधंसुधं नाही. गेल्या वर्षी त्याला एकच फूल आलं होतं, काळंभोर. बोट लावलं तर बोटाला काजळ लागेल असं वाटावं इतकं काळं. यंदा दांडीवर टपोऱ्या कळ्या धरल्या होत्या आणि उद्या ते प्रदर्शनात जायचं होतं. सम्राटांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'सम्राट'. काय कल्पनाशक्ती! घरातले बाकीचे त्याला काजळी म्हणायचे.

"पोलिसांना कळवलंत?" लिंबूबाईने विचारलं.

"आधी तुम्हालाच फोन केला, मॅडम."

"आधी विमा, मग पोलीस. बरं सुचलं तुम्हाला एवढ्या दुःखात."

सम्राटांना टोमणा कळला नाही. टोमणे त्यांच्या अंगावरून असे घसरतात ना, छत्रीवरून पाणी जावं तसे.

"पोलीस कशाला? चोर सापडलाय."

"हो, सापडलाय," मागून एक बारीक आवाज आला. हा सम्राटांचा भाचा. रोपवाटिकेचा कारभार बघतो, म्हणजे मामा जे बोलतील त्याला हो म्हणतो. घरात, दुकानात, गिऱ्हाइकांत, सगळीकडे त्याचं नावच पडलंय हो-मामा.

"कुठेय चोर?"

"घरातच आहे, मॅडम," सम्राट म्हणाले. "बाहेरची आहे, पण आहे घरातच."

आणि त्यांनी आपलं अंगठीवालं बोट उचललं आणि सरळ तिसऱ्या माणसावर रोखलं. हातात फवारणीचा पंप घेऊन उभ्या असलेल्या स्वतःच्या सुनेवर!

२. पांढरा पडदा

काचघरातून सम्राटांच्या केबिनमध्ये जायला आतूनच एक दार आहे. लिंबूबाई त्या दारातून गेली आणि तिला हुडहुडीच भरली. काचघरात घामाच्या धारा, दमट, कोंदट, आणि इकडे एसी असा सोडलेला, की मासळी ठेवली असती तरी टिकली असती. एसीचा झोत नेमका त्या दारावर. सम्राटांना म्हणे पाहुणा काचघरातून आला की त्याला 'एकदम थंड वाटलं पाहिजे'.

केबिन बघून लिंबूबाईच्या तोंडात दुसरं लिंबू पिळलं गेलं. भिंतभर सम्राट. हार घातलेले सम्राट, हार घालणारे सम्राट, कात्री घेऊन फीत कापणारे सम्राट. मधोमध एक नवीकोरी सोनेरी चौकट टांगलेली, आणि ती मात्र रिकामी.

"इथे काय लागणार?"

"येईल, येईल काहीतरी," सम्राट घाईने म्हणाले आणि वर बोट केलं. "हा बघा! हा पण घेतलाय."

छतावर एक डोम कॅमेरा होता. लोखंडी, जाडजूड, उलट्या टोपासारखा. रोख सम्राटांच्या खुर्चीवर आणि मागच्या भिंतीवर. दाराकडे त्याची पाठ.

"बाहेरचा आहे," सम्राट छाती फुगवून म्हणाले.

"मग आत काय करतोय?"

सम्राट हसले. कीव आल्यासारखे हसले. "केबिन माझी आहे ना, मॅडम! काचघरात आतला लावलाय. तिथे आतला चालून जातो. माझ्या डोक्यावर मला बाहेरचाच पाहिजे."

लिंबूबाईने भाच्याकडे बघितलं. भाच्याने मान हलवली. "हो. बाहेरचाच."

ती खुर्ची ओढून बसायला गेली तर बुटाखाली काहीतरी चिरडलं. पाय उचलून बघितलं. टाचेला शेंगदाण्याएवढं काहीतरी पिवळं, मऊ चिकटलं होतं. बसल्या बसल्या खात असेल हा माणूस काहीबाही, असं मनात म्हणत तिने ते कागदाने पुसलं, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

हो-मामाने काचघराचं रेकॉर्डिंग लावलं. चित्र स्वच्छ. तिवईवर काजळी, दांडी बाकदार, कळ्या दिसतायत. समोरच्या, अंगणाकडच्या दाराने सून आत आली, बरोबर ढकलगाडी, गाडीवर पोतं टाकलेलं. तिने कुंड्यांतलं जुनं शेवाळ काढलं, गाडीत भरलं. काजळीजवळ वाकली, बराच वेळ वाकून बघितलं, मग अंगणाच्याच दाराने बाहेर गेली, परत आली. पंप उचलला, फवारायला लागली. आणि मग...

मग चित्राच्या कडा पांढऱ्या व्हायला लागल्या. पांढरेपणा मधे सरकत आला. काही क्षणांत सगळा पडदा दुधासारखा! नुसता पांढरा. आणि हळूहळू तो पांढरेपणा विरला तेव्हा सून नव्हती, गाडी नव्हती आणि तिवईवर फक्त ओला गोल.

"बघितलंत?" सम्राटांनी टेबलावर थाप मारली. "कॅमेऱ्यावर फवारा मारला तिने! कॅमेरा आंधळा केला, कुंडी पोत्याखाली घातली आणि गाडी ढकलत निघून गेली. एवढं शिकलेली आहे ना वनस्पतीशास्त्र, तेच शिकली वाटतं."

"हो," भाचा म्हणाला. "तेच शिकली."

पटण्यासारखं होतं. हीच तर पंचाईत! लिंबूबाईला सम्राटांचं बोलणं पटायला लागलं होतं, आणि या माणसाचं काही पटावं याचा तिला इतका राग आला की ती ताडकन उठली.

"मला त्यांच्याशी बोलायचंय. एकटीशी."

"बोला ना. संध्याकाळपर्यंतच बोला पण. संध्याकाळी ती या घरात नसेल."

३. बाहेरची

सून तिवईशेजारीच बसली होती. रडत नव्हती. एका रोपाची मुळं पाण्यात धूत होती, आणि धुता धुता जी काही चिडली होती ती सगळी बोटांत. पण मुळं मात्र अगदी हळुवार धरलेली.

"फवारा मारलात कॅमेऱ्यावर?" लिंबूबाईने सरळच विचारलं.

"रोपांवर मारला. रोज याच वेळी मारते. कॅमेरा वर आहे, थोडं उडत असेल. रोज उडतं."

"गाडी?"

"जुनं शेवाळ होतं. खतात टाकलं. जाऊन उकरा."

"उकरीन." लिंबूबाई तिवईच्या काठावर टेकली. "काजळी तुमचीच ना? म्हणजे वाढवली कुणी?"

आता सुनेने मान वर केली. "दोन जातींचा संकर मी केला. बी मी रुजवलं, बाटलीतलं रोप कुंडीत मी आणलं. लग्न करून आले तेव्हा या काचघरात जुन्या खुर्च्या होत्या, बाई. आणि आता त्याचं नाव 'सम्राट'."

"म्हणजे भांडण होतं."

"होतं की. गेल्या आठवड्यात मी म्हटलं, बाबा, निदान या नव्या जातीच्या नोंदणीत माझं नाव घाला. तर म्हणाले, घरातलं नाव बाहेरचीला कसं देणार? मी यांच्या घरात राहते, यांच्या घरचं काम करते, आणि मी बाहेरची. आणि तो," तिने केबिनकडे मान उडवली, "तो हो-हो करणारा आतला."

"नवरा काय म्हणतो?"

"नोकरी लांब आहे त्यांची. सकाळी फोन केला. म्हणाले, बाबा म्हणतायत तर काहीतरी असेल ना."

काही माणसांवर तिरस्कारसुद्धा वाया जातो.

"बाबांनी सांगितलंय," सून पुढे म्हणाली, "संध्याकाळपर्यंत काजळी आणून दे आणि चुपचाप निघून जा, नाहीतर पोलीस. निघून गेले तरी चोर म्हणूनच जाणार ना मी? मग पुढे कुठलं काचघर मला दारात उभं करेल? रोपांशिवाय मला दुसरं काही येत नाही हो."

आता कळलं ना, काय पणाला लागलं होतं? कुंडी नव्हे. या पोरीचं अख्खं आयुष्य.

"सकाळी तुम्ही काजळीजवळ बराच वेळ वाकला होतात. काय बघत होतात?"

"कळ्या. मलूल दिसल्या. देठाशी पिवळट. काल सकाळी टवटवीत होत्या, काल दुपारी मी प्रदर्शनाच्या जागेवर मांडणी करायला गेले, आणि आज ही दशा. एका रात्रीत असं होत नाही, गारठा बसल्याशिवाय. मी लगेच जाऊन बाबांना सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"की कळ्या गळणार. उद्या फूल उमलणार नाही."

लिंबूबाई एकदम ताठ बसली. तिने पर्समधून कागदाची घडी काढली, उलगडली आणि तो चिरडलेला पिवळा दाणा सुनेच्या तळहातावर ठेवला.

"हे काय आहे?"

सुनेने बघितलं, आणि सकाळपासून न आलेलं पाणी तिच्या डोळ्यांत आलं.

"कळी," ती म्हणाली. "काजळीची आहे. कुठे मिळाली?"

४. छप्पर नका बघू

लिंबूबाईने फोन करून कॅमेरेवाल्याला बोलावून घेतलं.

कॅमेरेवाला आला तोच घाबरत. खांद्यावर शिडी, कपाळावर घाम आणि तोंडात एकच वाक्य, "मॅडम, माझी चूक नाही." अजून कुणी विचारलंही नव्हतं! जो माणूस न विचारता चूक नाही म्हणतो त्याच्याकडे लिंबूबाई कशी बघते ते तुम्हाला कळलं असेलच.

"काचघरातल्या कॅमेऱ्याचा घुमट उघडा," ती म्हणाली.

तो शिडीवर चढला, स्क्रू काढले, पारदर्शक घुमट खाली दिला. लिंबूबाईने रुमालाने बाहेरून पुसला. स्वच्छ झाला, पण ओघळांचे डाग तसेच. मग तिने आतून बोट फिरवलं. बोटाला हिरवट, बुळबुळीत.

"पाणी आत कसं गेलं?"

"जाणारच ना. हा आतला कॅमेरा आहे. खोलीत लावायचा. प्लास्टिकचं अंग, कडेला रबराची रिंग नाही. कोरड्या हवेत मस्त चालतो, स्वस्त पडतो, दिसायला नाजूक. बाहेरच्याला रबराची रिंग असते, हवाबंद असतो, लोखंडी कवच, पाऊस झेलतो, धक्का झेलतो."

"मग इतक्या दमट जागेत आतला लावलात? डोकं गहाण ठेवलं होतंत?"

"मी सांगितलं होतं, मॅडम! मी सगळ्यांना सांगतो, छप्पर बघून ठरवू नका, हवा बघून ठरवा. काचघराला छप्पर आहे, पण हवा बाहेरची. मी दोन्ही डबे टेबलावर ठेवले आणि म्हटलं, साहेब, हा आतला आणि हा बाहेरचा. साहेबांनी बाहेरचा हातात घेतला, वजन बघितलं, म्हणाले, हा माझ्या केबिनमध्ये. मी म्हटलं, केबिनला बाहेरचा कशाला? तर चिडलेच. म्हणाले, का? आमची ऐपत नाही का बाहेरचा वापरायची?"

"ऐपत?"

कॅमेरेवाल्याने शिडीवरूनच इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग मला कळलं. त्यांना वाटलं, बाहेरचा म्हणजे बाहेरच्या देशातला! इंपोर्टेड! आणि आतला म्हणजे इथला, देशी. आता दोन्ही एकाच कारखान्यातले हो, डब्यावर लिहिलंय. पण गिऱ्हाईक एवढं खूश होतं, की..."

"की तुम्ही तोंड शिवलंत आणि बिल फाडलंत."

"...हो."

लिंबूबाईला हसू आलं असतं, पण सवय नव्हती. घरात बाहेरच्या माणसाची अक्कल चालत नाही आणि केबिनमध्ये बाहेरच्या वस्तूशिवाय चालत नाही, वा रे सम्राट!

"घुमट लावा परत," ती म्हणाली. "आणि तुम्ही," सुनेकडे वळून, "पंप घ्या. सकाळी मारलात तसा मारा. नाही, त्याहून जास्त. थेट कॅमेऱ्यावर मारा."

लिंबूबाईने फोनवर कॅमेऱ्याचं चित्र लावून घेतलं. सुनेने पंप दाबला. फस्स! फस्स! चित्रावर थेंब आले, ओघळले, खाली गेले. थोडं वेडंवाकडं दिसलं, पण दिसलं. तिवई दिसली, ओला गोल दिसला. पांढरं काही झालं नाही.

"अजून?"

"बास." लिंबूबाई केबिनच्या दाराशी गेली. कॅमेरा त्याच दाराच्या समोर, छतावर. तिने कडी काढली आणि दार सताड उघडलं. एसीचा झोत भसकन बाहेर आला आणि सरळ घुमटावर गेला.

आणि फोनच्या पडद्यावर, कडांपासून, हळूहळू, दुधासारखं...

कॅमेरेवाला शिडीवरून बघत होता. "अरेच्चा," तो म्हणाला. "आतल्या आत वाफ धरली. गार काच, दमट हवा. म्हणजे ज्या ज्या वेळी हे दार उघडतं..."

"त्या त्या वेळी हा आंधळा होतो," लिंबूबाई म्हणाली. "पंपाने नाही. दाराने. सकाळी कुणीतरी केबिनकडून आलं."

उघड्या दारातून, एसीच्या गारठ्यात, आपल्या खुर्चीत बसलेले सम्राट दिसत होते.

५. हो

पण दार उघडलं म्हणजे चोरी केली असं होत नाही ना! सम्राट काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी लगेच गळा काढला. "माझं दार, मी उघडणार! दिवसातून कितीदा उघडतो! हात धुवायला उठलो असेन. आणि मी माझंच झाड कशाला चोरू? उद्या सगळं शहर बघायला येणार होतं मला. म्हणजे झाडाला."

लिंबूबाईने मान डोलावली. अगदी पटल्यासारखी. मग तिने हो-मामाला बाजूला, अंगणात घेतलं. आवाज एवढा गोड काढला, की ऐकणाऱ्याला साखरेचा त्रास व्हावा.

"काय हो, मामांसाठी फार करता तुम्ही."

"हो," भाचा लाजला.

"सगळी धावपळ तुमचीच."

"हो ना."

"ती सोनेरी चौकट पण तुम्हीच आणलीत?"

"हो."

"छान आहे. कालचा फोटो त्यात शोभेल एकदम."

"हो!"

"कोटात मामा अगदी रुबाबदार दिसत असतील."

"हो, हो! नवाच कोट."

"आणि कुंडी मांडीवर घेतली तेव्हा तर..."

"हो, मी म्हटलंच, मामा, अशी जरा तिरपी धरा म्हणजे कळ्या..."

आणि तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. आयुष्यभर हो म्हणून म्हणून त्या बिचाऱ्याच्या जिभेला ब्रेकच उरला नव्हता!

"किती वेळ चालले फोटो?" लिंबूबाईचा आवाज आता नेहमीचा. आंबट.

"दुपारभर," भाचा कुजबुजला. "पसंतच पडत नव्हते. एकात पोट दिसायचं, एकात हनुवटी."

"दुपारभर कुंडी एसीत."

"हो."

"आणि आज सकाळी?"

भाच्याने केबिनकडे बघितलं, लिंबूबाईकडे बघितलं. दोघांत जास्त भीती कुणाची, याचा त्याने बहुतेक हिशेब केला. आणि मग तो आपलं नेहमीचं सोडून दुसरंच काहीतरी बोलला.

"नाही," तो म्हणाला. "मी उचलली नाही. मी फक्त कपाट उघडं धरलं."

६. घरातली गोष्ट

सगळे केबिनमध्ये जमले. एसी लिंबूबाईने आधी बंद केला.

"बसा, सम्राट. तुमच्याच लाडक्या कॅमेऱ्याला विचारू." तिने कालचं, केबिनचं रेकॉर्डिंग लावलं. 'बाहेरच्या' कॅमेऱ्याचं चित्र काय स्वच्छ म्हणून सांगू! सम्राट नवा कोट घालतायत. सम्राट केस बसवतायत. सम्राट पोट आत घेतायत. सम्राट चित्राबाहेर जातायत, दाराकडे, आणि परत येऊन बसतात तेव्हा मांडीवर काजळी. मग दुपारभर तेच ते. हसू, गंभीर होऊ, लांब कुठेतरी बघू.

"काल या वेळी काचघराचं चित्र बघू," लिंबूबाईने दुसरं लावलं. कुंडी उचलायच्या वेळी दूध. परत ठेवायच्या वेळी दूध. "आणि आज सकाळी सूनबाईंनी येऊन सांगितलं, बाबा, कळ्या गळणार. त्या परत जाऊन फवारायला लागल्या. त्यांचं फवारणं चालू असतानाच तुम्ही खुर्चीतून उठलात. केबिनच्या कॅमेऱ्यात दिसतंय बघा, उठलात ते. काचघरात पांढरं व्हायला लागलं ते त्यांच्या फवाऱ्याने नाही, तुम्ही दार किलकिलं करून त्या कधी जातात ते बघत उभे होतात म्हणून. त्या काम संपवून गाडी घेऊन अंगणात गेल्या, तुम्ही आत शिरलात. कॅमेरा आंधळा होतो हे तुम्हाला माहीतही नव्हतं. आपलाच कॅमेरा आपल्याला टिपेल, एवढीही अक्कल घाईत उरली नव्हती. नंतर रेकॉर्डिंग बघितलंत आणि आयता पांढरा पडदा हातात सापडला."

"पण का?" सून एकदम म्हणाली. "बाबा, का? कळ्या गळल्या तर गळल्या!"

सम्राटांनी पोट आत घेतलं.

"मी सांगते," लिंबूबाई म्हणाली. "उद्या सगळं शहर येणार, आणि तिवईवर बोडकी दांडी. लोक विचारणार, काय झालं? आणि उत्तर काय? साहेबांना स्वतःच्या फोटोत पोट दिसत होतं! हसून हसून मेले असते लोक. चोरीला कुणी हसत नाही. चोरी झाली की सहानुभूती मिळते, वर विमा मिळतो. गारठ्याने मेलेल्या कळीचा विमा देत नाही आम्ही. आणि शिवाय नोंदणीत नाव मागणारी बाहेरची परस्पर घराबाहेर. एका कुंडीत केवढं बसवलंत तुम्ही! रोपं वाढवण्यात अशी बुद्धी लावली असती तर पदवी स्वतःच रंगवून घ्यावी लागली नसती."

ती उठली, दाराकडच्या, कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीतल्या कपाटाशी गेली. मानचिन्हांचं कपाट. दार उघडलं. पुढे पितळी कप, ढाली, आणि मागे, नव्या कोटाखाली झाकलेली कुंडी. दांडीवर एकच कळी उरली होती. लिंबूबाईने कोट उचलला तशी तीही गळाली. सगळ्यांच्या देखत. टप्पकन आवाज झाला, सम्राटांच्या चकचकीत बुटाजवळ.

मग सम्राटांनी घसा साफ केला. आवाज आता पाटीवरचा नव्हता.

"मॅडम, जे झालं ते झालं. मी दावा मागे घेतो. घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्या. बाहेर कशाला?"

लिंबूबाई पर्सची चेन लावत होती. तिने वर बघितलं, आणि त्या नजरेत जेवढा तिटकारा होता ना, तेवढा अख्ख्या रोपवाटिकेत मावला नसता.

"मी बाहेरची आहे," ती म्हणाली. "अहवाल आजच जाईल. खोटा दावा आणि खोटा आळ, दोन्ही लिहीन. सूनबाईंना उद्या कुठे दाखवायला लागला तर एक प्रत त्यांनाही."

सुनेचा फोन वाजला. नवरा. तिने पडद्याकडे बघितलं, वाजू दिला, वाजून वाजून थांबू दिला. मग ती कपाटाशी गेली, काजळीला दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि खिडकीजवळ धरून मुळांपासून वर बघत गेली. डॉक्टर बघतात तसं. बुडाशी थांबली.

"फुटवा आहे," ती म्हणाली. कुणाला नाही, स्वतःलाच. "हिरवा आहे. जगेल. नवी दांडी येईल. यंदा नाही, पण येईल."

"बेटा," सम्राट म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच बहुतेक! "आपण नाव... नोंदणीत तुझं नाव..."

"घालणारच आहे, बाबा. मी माझी घालून येईन. तुम्ही त्रास घेऊ नका. आणि काचघराची किल्ली माझ्याकडे राहील. नको असेल तर आत्ता सांगा, काजळी घेऊन मी आत्ता निघते."

सम्राटांनी भाच्याकडे बघितलं. भाचा म्हणाला, "हो." पण या वेळी तो सुनेकडे बघून म्हणाला!

कॅमेरेवाला दारात शिडी धरून केव्हाचा ताटकळला होता. "मग वहिनी, कॅमेऱ्यांचं काय करायचं?"

"हा बाहेरचा काढा," सून म्हणाली, "आणि काचघरात लावा. रिंग नीट बसवा. हे मधलं दार खिळे मारून बंद करा."

"बरं. आणि काचघरातला आतला? तो पुसून इथे केबिनमध्ये लावू?"

सुनेने काजळी छातीशी धरली, भिंतभर टांगलेल्या सम्राटांकडे बघितलं, मग खुर्चीतल्याकडे.

"कशाला?" ती म्हणाली. "इथे बघण्यासारखं आहे काय?"